जुन्या गाडीतले काटे आणि दिवे: मीटर बदलण्याआधी काय मोजावे

प्रश्न असा आहे: चाळिशीला आलेली पेट्रोल गाडी. चावी फिरवली की इंधनाचा आणि तापमानाचा, दोन्ही काटे सावकाश चढतात, पण खऱ्यापेक्षा वर जाऊन थांबतात. हेडलाइट लावले की आणखी वर सरकतात. इंजिन चालू असताना बॅटरीचा लाल दिवा पूर्ण विझत नाही, अंधारात मंद दिसत राहतो. गाडी दोन दिवस उभी राहिली की सेल्फ मारत नाही. आणि सल्ला मिळाला आहे की मीटरचं अख्खं कन्सोल बदलून टाका.

एवढ्यात बदलू नका. तक्रारी चार असल्या तरी दोष बहुधा दोनच आहेत. जुन्या वायरिंगमध्ये सगळ्यात आधी बघायचं ते हे, की काय काय एकदम बिघडलं. एकच काटा चुकत असेल तर तो काटा, त्याची वायर किंवा त्याचा सेंडर (टाकीत किंवा इंजिनवर बसून काट्याला माप पाठवणारा भाग) संशयित. दोन काटे एकाच दिशेने चुकत असतील तर दोन्ही सेंडर एकदम गेले असं मानण्यापेक्षा दोघांना मिळणारा सामाईक पुरवठा किंवा सामाईक अर्थिंग (करंट बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाण्याची वाट) तपासणं शहाणपणाचं. मंद लाल दिवा आणि उतरणारी बॅटरी ही जोडीही अशीच एका ठिकाणी जाऊन मिळते.

साधनं फार लागत नाहीत. एक डिजिटल मल्टीमीटर आणि २१ वॅटच्या इंडिकेटर बल्बला दोन वायरी लावून केलेला टेस्ट लॅम्प. दोन्ही हवेत, कारण मल्टीमीटर जवळजवळ करंट घेतच नाही. दहा तारांपैकी नऊ तुटलेल्या वायरीवरही तो इमानदारीने १२ व्होल्ट दाखवतो. २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो, तेव्हा त्या वायरीची खरी परिस्थिती कळते. मात्र इंजिनचा कॉम्प्युटर, एअरबॅग, इलेक्ट्रॉनिक इग्निशन यांच्या वायरींना हा लॅम्प कधीही लावू नये. एअरबॅग असलेल्या गाडीत तर कन्सोल काढण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढून कंपनीच्या मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबावंच लागतं.

सुरुवात बॅटरीपासून. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे पूर्ण चार्ज, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू, थोडी रेस, हेडलाइट चालू: १३.८ ते १४.५. हे आकडे जमत नसतील तर आधी बॅटरी आणि चार्जिंग सुधारा, नाहीतर पुढची सगळी मोजमापं फसवी निघतील.

दोन काटे एकदम वर का जातात

काटा सावकाश, पाच-दहा सेकंद घेत चढतो यावरून तो थर्मल जातीचा आहे हे कळतं. आत दोन धातूंची पट्टी आणि तिच्याभोवती गुंडाळलेली तापणारी तार असते. करंट जास्त तर पट्टी जास्त वाकते, काटा जास्त सरकतो. दुसरी जात चुंबकीय. तिच्यात एकमेकींशी कोन करून बसवलेल्या दोन कॉइल असतात आणि चावी लावताच काटा झटकन जागेवर येतो. चुंबकीय काटा दोन कॉइलमधल्या करंटच्या प्रमाणावर चालतो, म्हणून पुरवठा १२ वरून १४ झाला तरी त्याला विशेष फरक पडत नाही. थर्मल काट्याला तो फरक लगेच जाणवतो. त्यामुळे थर्मल काट्यांच्या गाडीत कन्सोलच्या मागे व्होल्टेज स्टॅबिलायझर नावाची एक छोटी डबी असते. ती बऱ्याच जुन्या ब्रिटिश रचनांमध्ये सरासरी १० व्होल्ट देते, काही अमेरिकन रचनांमध्ये सुमारे ५. इंधन आणि तापमान या दोन्ही काट्यांना पुरवठा इथूनच मिळतो. तेलाच्या दाबाचा काटा विजेवर चालणारा असेल तर काही गाड्यांत त्यालाही.

या डबीच्या आतही दोन धातूंची पट्टीच आहे. तिच्यावरची तार तापली की पट्टी वाकते आणि कॉन्टॅक्ट उघडतो, थंड झाली की परत मिटतो. अशी उघडझाप सतत होत राहते आणि सरासरी १० व्होल्ट पडतात. आता महत्त्वाचं: त्या तारेला तापायला डबीच्या पत्र्यातून अर्थिंग लागतं. अर्थिंग गेलं की तार तापत नाही, पट्टी वाकत नाही, कॉन्टॅक्ट कायम मिटलेला राहतो आणि काट्यांना बॅटरीचे पूर्ण १२ ते १४ व्होल्ट मिळतात. म्हणजे अर्थिंग गेलं की काटे पडत नाहीत, उलट वर जातात. बरेच जण नेमके इथे चकतात.

हेडलाइट लावल्यावर आणखी वर जाण्याचं कारणही तेच. अर्थिंग पूर्ण तुटलेलं नसून कुजलेलं असतं. दिवे लावले की कन्सोलमधल्या प्रकाशाच्या बल्बांचा करंटही त्याच कुजलेल्या जोडातून परत जातो. तिथे अर्धा-एक व्होल्ट अडकला की कन्सोलचं अर्थिंग बॉडीपेक्षा तेवढं वर उचललं जातं. स्टॅबिलायझर स्वतःच्या अर्थिंगपासून १० मोजतो, सेंडर मात्र बॉडीला जोडलेले आहेत. परिणामी काट्याला साडेदहा-अकरा मिळतात. काटे इंडिकेटरच्या तालावर टकटक नाचत असते तर निदान थोडं बदललं असतं, कारण थर्मल काटा इतक्या चपळाईने हलूच शकत नाही. तसं नाचणं चुंबकीय काट्याचं. पण त्यामागेही दहातल्या नऊ वेळा कुजलेलं अर्थिंगच असतं.

ही चाचणी कन्सोल पूर्ण न सोडवता होते. मल्टीमीटरची काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर धरा. खांबावर, त्यावर बसवलेल्या वायरीच्या टर्मिनलवर नव्हे. लाल वायर कन्सोलच्या अर्थिंग स्क्रूवर. चावी चालू, हेडलाइट, वायपर, ब्लोअर सगळं चालू. ०.१ व्होल्टपर्यंत उत्तम. ०.२ च्या वर असेल तर जोड साफ करायलाच हवा. अर्धा व्होल्ट दिसला तर निदान झालंच समजा. ही चाचणी करंट वाहत असतानाच करायची. बंद गाडीत ओहम मोजून अर्थिंग तपासणं निरुपयोगी, कारण बारीक गंजलेला जोडही बिनकरंटचा छान ०.२ ओहम दाखवतो.

हेच मोजमाप लगेच इंजिनवरही करून घ्या: काळी निगेटिव्ह खांबावर, लाल इंजिनच्या स्वच्छ धातूवर, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.३ च्या आत हवं. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी विणलेली पट्टी तुटली असेल तर सेल्फचा शेकडो अँपिअरचा करंट मिळेल त्या वाटेने परत जातो: ॲक्सिलरेटरची केबल, चोकची केबल, स्पीडोमीटरची केबल. सेल्फ मारताना चोकची केबल गरम लागली किंवा तिचं आवरण वितळलेलं दिसलं तर हाच दोष. तापमानाचा सेंडर इंजिनमधूनच अर्थिंग घेतो, म्हणून ती पट्टी खराब असताना त्याचं वाचनही भरवशाचं नसतं.

अर्थिंग दुरुस्त करायचं म्हणजे स्क्रू आवळून परत बसायचं नाही. स्क्रू काढा, बॉडीचा रंग थिंबलच्या (वायरीच्या टोकाला असलेल्या धातूच्या कडीच्या) आकाराएवढा खरवडून चकचकीत पत्रा उघडा करा. थिंबल हिरवी पडली असेल तर वायर मागे कापून नवीन क्रिंप करा. वायर आतून काळी निघाली तर चकाकती तांब्याची तार दिसेपर्यंत मागे जा. दातेरी वॉशर टाकून घट्ट आवळा आणि आवळल्यानंतर वरून व्हॅसलीन लावा. माझा सल्ला: कन्सोलच्या अर्थिंग स्क्रूपासून डॅशबोर्डखालच्या बॉडीच्या चांगल्या जागेपर्यंत १.५ चौरस मिलिमीटरची एक जादा वायर सरळ टाकून द्या. मूळ वाट शोधत बसण्यापेक्षा हे बरं, आणि त्यात नुकसान काही नाही.

अर्थिंग ठीक करूनही काटे वर राहिले तर स्टॅबिलायझर. त्याच्या आउटपुटवर जुन्या पद्धतीच्या डबीत डिजिटल मीटर ० ते १२ मध्ये नाचताना दिसेल. तो नाचतोय म्हणजे डबी काम करतेय, घाबरू नका. टेस्ट लॅम्प इथे लावू नका, बारीक कॉन्टॅक्टला तो जड जातो. छोटा २ वॅटचा बल्ब लावला तर लुकलुकेल. स्थिर १२ म्हणजे कॉन्टॅक्ट चिकटले किंवा अर्थिंग नाही. स्थिर शून्य म्हणजे आत तुटलं, आणि मग दोन्ही काटे मेलेले असतात. डबीवर वरच्या बाजूची खूण असेल तर ती बाजू वरच ठेवून बसवा, उलटी-आडवी बसवली की सरासरी बिघडते.

१० व्होल्टच्या डबीऐवजी ७८१० हा तीन पायांचा रेग्युलेटर चालतो. इनपुटला ०.३३ आणि आउटपुटला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर अगदी पायांजवळ, आणि रेग्युलेटरची पाठ धातूच्या पत्र्याला आवळलेली. पाठ आतून अर्थिंगच्या पायालाच जोडलेली असते, त्यामुळे निगेटिव्ह अर्थच्या, म्हणजे बॉडीला बॅटरीची निगेटिव्ह जोडलेल्या गाडीत ती बॉडीला टेकली तरी चालते. पॉझिटिव्ह अर्थ असलेल्या फार जुन्या गाड्यांत हा भाग चालणार नाही. एक उणीव लक्षात ठेवा: ७८१० ला इनपुट आउटपुटपेक्षा सुमारे २ व्होल्ट जास्त लागतो. इंजिन बंद असताना बॅटरी १२ च्या खाली असेल तर काटे थोडे कमी दाखवतील. ते खटकत असेल तर कमी ड्रॉपआउटचा रेग्युलेटर घ्या, पण त्याच्या आउटपुटला उत्पादकाने सांगितलेला मोठा कपॅसिटर लावावाच लागतो.

कन्सोल बाहेर काढलंच असेल तर पाठीमागची छापील सर्किटची पट्टी बघा. लवचीक प्लॅस्टिकवर तांब्याचे पातळ पट्टे असतात. कनेक्टर बसतो तिथे आणि बल्बच्या होल्डरखाली ते उचकटतात किंवा केसासारखे तडकतात. आरपार उजेड धरून बघितलं की तडा दिसतो. काळवंडलेला तांबा पेन्सिलच्या खोडरबराने घासून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पॉलिश पेपर नको, तांबा तेवढा जाड नसतो. तुटलेल्या पट्ट्यावर बारीक तार दोन्ही बाजूंनी झाळा, पण झाळणी क्षणभरच टेकवा. काट्यांच्या खांबांवरचे छोटे नट बोटाने फिरतात का ते बघा. निम्म्या 'अधूनमधून बंद पडणाऱ्या' मीटरचं कारण तो सैल नट असतो.

एकच काटा चुकत असेल तर

तुमच्या बाबतीत ही पायरी कदाचित लागणार नाही, पण पुरवठा सुधारल्यावर एखादा काटा अजून चुकत राहिला तर सेंडरकडे वळावं लागेल.

इंधनाच्या टाकीतला सेंडर म्हणजे फ्लोटने फिरणारा बदलता रेझिस्टन्स. त्याचे आकडे कंपनीगणिक बदलतात, दिशासुद्धा. जनरल मोटर्सच्या जुन्या गाड्यांत रिकामी ० आणि भरलेली ९० ओहम. जुन्या फोर्डमध्ये उलट, रिकामी सुमारे ७३ आणि भरलेली १०. बाजारात मिळणारे युनिव्हर्सल सेंडर बहुधा रिकामी २४० आणि भरलेली ३३. म्हणून 'बसतोय ना' एवढं बघून सेंडर टाकला की काटा उलटा चालतो किंवा अर्ध्यावर अडकतो, आणि दोष मीटरच्या माथी मारला जातो.

सेंडरची वायर काढून सरळ बॉडीला टेकवायची आणि काटा टोकाला जातो का बघायचं, ही पद्धत सगळीकडे वापरतात. चुंबकीय काट्याला ती फारशी बाधत नाही. थर्मल काट्यात, तेही स्टॅबिलायझर अडकून पूर्ण व्होल्टेज येत असताना, आतली तार जळू शकते. त्यापेक्षा २२, ६८, १५० आणि २२० ओहमचे ५ वॅटचे चार रेझिस्टर जवळ ठेवा. सेंडरच्या जागी एकेक जोडा, अर्धा मिनिट थांबा, काटा कुठे थांबतो ते लिहून ठेवा. काटा चार वेगवेगळ्या ठिकाणी नीट थांबला तर मीटर आणि टाकीपर्यंतची वायर दोन्ही निर्दोष, राहिला तो सेंडर आणि त्याचं अर्थिंग. टाकीचं अर्थिंग बऱ्याच गाड्यांत वेगळ्या वायरीने असतं आणि मागच्या चाकांच्या चिखलात ते अनेकदा कुजतं.

सेंडर बाहेर काढायचा तर टाकी शक्यतो कमी भरलेली, गाडी मोकळ्या हवेत, बॅटरीची निगेटिव्ह काढलेली, जवळपास ठिणगी किंवा ज्योत काही नको. हात सावकाश फिरवत रेझिस्टन्स बघा. आकडा सलग बदलायला हवा. एखाद्या जागी तो एकदम अनंत होत असेल तर गुंडाळलेली तार तिथे झिजली आहे. काटा पाव टाकीजवळ आला की दर वेळी पडत असेल तर कारण हेच. फ्लोट पितळेचा असेल तर कानाशी हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर तो गळका आहे आणि टाकी भरूनही काटा खालीच राहील.

तापमानाच्या सेंडरमध्ये थर्मिस्टर असतो, गरम होईल तसा त्याचा रेझिस्टन्स घटतो. थंड इंजिनवर काही शे ओहम आणि गरम झाल्यावर काही दहा, असा अंदाज बऱ्याच गाड्यांना लागू पडतो. बाहेर काढून उकळत्या पाण्यात धरला तर आकडा सलग खाली आला पाहिजे. परत बसवताना पेचांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. सेंडर पेचांतूनच अर्थिंग घेतो, टेपने ते तुटू शकतं आणि मग काटा थंडच दाखवत राहतो.

आणि काटा 'गरम' दाखवतो म्हणजे विजेचाच दोष, असं गृहीत धरू नका. इन्फ्रारेड थर्मामीटरने थर्मोस्टॅटच्या घराजवळ मोजा. बहुतेक थर्मोस्टॅट ८२ ते ८८ अंश सेल्सिअसला उघडायला लागतात, तेव्हा तिथे नव्वदीच्या आसपास आकडा आणि काटा लाल पट्टीत असेल तर मगच मीटरवर संशय घ्या. उलट बाजूही आहे: कूलंट कमी होऊन सेंडर हवेत राहिला की इंजिन उकळत असतानाही काटा खाली राहतो. तेलाच्या दाबाच्या लाल दिव्याबाबत तर तडजोड नाहीच. तो पेटला की इंजिन बंद, तेल बघा, शक्य तर स्विचच्या जागी यांत्रिक गेज लावून दाब मोजा. स्विच खराब असल्याचं त्यानंतर ठरवा.

केबलवर चालणारा स्पीडोमीटर थरथरतो तो बहुधा कोरड्या किंवा तीव्र वळण घेतलेल्या केबलमुळे. आतली दोरी धुऊन गिअरबॉक्सकडच्या दोन-तृतीयांश भागाला पातळ ग्रीस लावा. मीटरकडचा भाग कोरडा ठेवा, नाहीतर ग्रीस चढत मीटरमध्ये शिरतं.

मंद लाल दिवा आणि उतरणारी बॅटरी

बॅटरीच्या दिव्याचं एक टोक चावीच्या पुरवठ्याला आणि दुसरं अल्टरनेटरच्या (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राच्या) छोट्या टर्मिनलला असतं. इंजिन चालू झाल्यावर दोन्ही टोकांना सारखं व्होल्टेज येतं, म्हणून दिवा विझतो. मंद पेटतो म्हणजे दोन्ही टोकांत एक-दोन व्होल्टचा फरक आहे. हा फरक दोन कारणांनी येतो.

पहिलं, चावीच्या बाजूला व्होल्टेजची घट: झिजलेला इग्निशन स्विच, गंजलेला फ्यूज होल्डर. इंजिन चालू ठेवून बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबापासून फ्यूजबॉक्समधल्या चावीच्या पुरवठ्यापर्यंत व्होल्टेज मोजा. ०.५ च्या वर असेल तर स्विचचा किंवा जोडांचा दोष. जुन्या चिनी मातीच्या आणि काचेच्या फ्यूजची टोकं पांढरी पडतात, फ्यूज न जळताच ती करंट अडवतात. काढा, टोकं आणि पकडी घासा, पकडी थोड्या आत दाबा.

दुसरं, अल्टरनेटरमधला डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गेलेला. तुमच्या बाबतीत याकडे माझा कल जास्त आहे, कारण गळका डायोड बंद गाडीतही बॅटरीतून उलटा करंट अल्टरनेटरमध्ये सोडत राहतो. एकाच भागातून दोन्ही तक्रारी निघतात. इंजिन चालू ठेवून मीटर एसी व्होल्टवर लावा आणि बॅटरीच्या खांबांवर मोजा. चांगल्या अल्टरनेटरला ०.१ च्या आसपास किंवा कमी दिसतं, ०.५ च्या वर गेलं तर डायोड गेलाच.

खात्री करायला बंद गाडीतला करंट मोजा. चावी काढा, दरवाजाचा लॅच स्क्रूड्रायव्हरने मिटवून आतला दिवा बंद झाल्याचं बघा. बॅटरीची निगेटिव्ह काढून मल्टीमीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर लावून खांब आणि काढलेली वायर यांच्या मध्ये जोडा. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारायचा नाही, हेडलाइट लावायचे नाहीत, फ्यूज उडेल. घड्याळ आणि रेडिओची मेमरी एवढंच असलेल्या गाडीत १० ते ३० मिलिअँपिअर पुरे, ५० च्या वर गेलं की शोध घ्यायचा. अर्धा अँपिअर गळत असेल तर ४८ तासांत २४ अँपिअर-तास गेले, जुन्या बॅटरीला तेवढं पुरतं. आता निगेटिव्ह पूर्ण सुटी करून अल्टरनेटरची जाड वायर काढा, तिचं टोक टेपने गुंडाळा, पुन्हा मोजा. आकडा पडला तर चोर अल्टरनेटर. नाही पडला तर फ्यूज एकेक काढत जा. ज्या फ्यूजला आकडा कोसळतो त्या वाटेवर शोधा. डिकीचा ५ वॅटचा दिवा एकटाच ०.४ अँपिअर खातो आणि झाकण बंद असल्यामुळे कुणाला दिसत नाही.

जाता जाता एक सूचना. कन्सोल उघडलंय तर सगळे बल्ब एलईडी करावेत असं वाटेल. प्रकाशाचे करा, पण बॅटरीच्या दिव्याच्या जागी २.२ किंवा ३ वॅटचा तारेचा बल्बच ठेवा. अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट त्या बल्बमधूनच मिळतो. एलईडी पुरेसा करंट जाऊ देत नाही आणि मग बरीच रेस दिल्याशिवाय चार्जिंग सुरूच होत नाही, कधी अजिबात होत नाही. तो बल्ब नुसता जळला तरी असंच होतं, म्हणून चावी लावल्यावर लाल दिवा पेटत नसेल तर अल्टरनेटर उतरवण्याआधी बल्ब बघा.

क्रम असा ठेवा: बॅटरीचे आकडे, मग कन्सोल आणि इंजिनचं अर्थिंग, मग एसी व्होल्टची चाचणी, मग गळतीचा करंट, आणि अर्थिंग सुधारूनही काटे वर राहिले तरच स्टॅबिलायझर. पहिल्या तीन चाचण्यांना कन्सोल पूर्ण सोडवावं लागत नाही. हे आकडे आणि फ्यूज काढताना करंट कुठे पडला एवढं कागदावर लिहून आणा, पुढचं निदान त्यावरून करता येईल.